देवीने काय घातलं होतं

असिमिना रोज सकाळी पाव आणायला माझ्या दुकानावरून जाते, आणि गेली चार वर्षं ती काळ्या कपड्यांत जाते. आमच्या एलेफ्सिना गावात काळ्या कपड्यांतली बाई म्हणजे काही वळून बघण्यासारखी गोष्ट नाही. नवरा गेला की बाई काळं घालते आणि पुष्कळजणी ते मरेपर्यंत उतरवत नाहीत. पण असिमिनाचा नवरा लांब्रोस चांगला ठणठणीत आहे, चौकात कॉफी पीत दिवसभर सोंगट्या खेळतो. आईबापांचं काळं तिने रीतीप्रमाणे घातलं होतं, रीतीप्रमाणे उतरवलंही होतं. हे आताचं काळं तिच्या मुलीसाठी आहे. आणि मुलगी जिवंत आहे.

मुलीचं नाव एवांथिया. आम्ही सगळे अंथी म्हणतो. माझं बटणं, दोरे आणि लेसचं दुकान आहे, असिमिना शिवणकाम करते, त्यामुळे ही पोर माझ्या काउंटरखाली बटणांचे डबे पालथे घालत वाढली. एकुलती एक, लाडाची, आणि आईसारखीच हट्टी. ती लांबच्या व्होलोस शहरातल्या एका माणसाच्या प्रेमात पडली. माणूस बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, घटस्फोट झालेला, पदरात एक मुलगा. असिमिनाने आकांत केला. मग पोरीला आत ठेवून दाराला कडीकुलूप घातलं आणि किल्ली दिवसा ब्लाउजमध्ये, रात्री उशाखाली ठेवली.

आणि लांब्रोसने काय केलं? काही नाही. म्हणजे बोलून काही नाही. एका पहाटे त्याने झोपलेल्या बायकोच्या उशाखालून किल्ली काढली, पोरीची बॅग उचलून तिला बसपर्यंत पोचवली, आणि घरी येऊन पुन्हा पांघरूण ओढून घेतलं. हे सगळं गावाला ठाऊक आहे. असिमिनाला सगळ्यांत शेवटी कळलं.

दुसऱ्या दिवशी ती भर बाजारात काळ्या कपड्यांत आली. डोक्यावरचा रुमालसुद्धा काळा. मासेवाल्याने विचारलं, ‘‘अगं, कोण गेलं?’’

‘‘मला एक मुलगी होती,’’ असिमिना म्हणाली.

आमच्याकडे बाई रागाच्या भरात काय काय बोलते. शाप देते, आपलेच केस उपटते. पण जिवंत माणसाचं सुतक कुणी धरत नाही. ते वाक्य त्याच दिवशी फोनवरून व्होलोसला पोचलं. अंथी बापाला म्हणाली, ‘‘मी मेलेय ना, बाबा? मग आईला सांग, मेलेल्यांचे फोन येत नसतात.’’ तेव्हापासून ती फक्त बापाशी बोलायची, तेही तो चौकात असताना.

असिमिनाला पश्चात्ताप कधी झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. फार लवकर झाला असावा. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तशी ती. शिवाय तिची एक खरी अडचण होती. मेलेल्या माणसासाठी घातलेलं काळं कधी उतरवायचं ते सगळ्यांना माहीत असतं. जिवंत माणसासाठी घातलेलं कधी उतरवायचं? त्याची रीत कुणालाच माहीत नव्हती, कारण तसं कुणी कधी केलेलंच नव्हतं. रंगीत कपडे तर तिने पहिल्याच आठवड्यात चर्चच्या मदतपेटीत टाकून दिले होते. माझ्या डोळ्यांदेखत तिचा तो पिवळ्या फुलांचा झगा आता पावाच्या रांगेत दुसरीच बाई घालून उभी असते.

मग या उन्हाळ्यात अंथीचं अपेंडिक्स फुटलं. लांब्रोसला फोन आला, पण त्याने घरी सांगितलं ते पोरगी बरी होऊन दवाखान्यातून सुटल्यावर. असिमिना माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

‘‘दियामांतो,’’ ती म्हणाली, ‘‘मी बोलावलं ते.’’

‘‘काय बोलावलंस?’’

‘‘मरण. मी सुतक घालून बसले, त्याला वाटलं इथे कुणीतरी आहे न्यायचं.’’

‘‘अपेंडिक्स होतं ते. माझ्या भाच्याचंही फुटलं होतं. त्याच्यासाठी कुणी काळं घातलं होतं?’’

तिने ऐकलंच नाही. आता तिला काळं अंगावर ठेवायची भीती वाटत होती आणि उतरवायचीही. उतरवलं आणि पुन्हा काही झालं तर, असं तिच्या मनाने घेतलं होतं. पाद्र्यांना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘बाई, काढ ते आणि कबुलीला ये.’’ ती कबुलीला गेली, पण काळ्यातच गेली.

हे असं चालू असताना आमचं नाटक निघालं.

आमच्या गावात बायकांची एक नाटकमंडळी आहे. दर हिवाळ्यात काहीतरी बसवतो. या वर्षी ठरलं दिमित्रा आणि पर्सेफोनी. म्हणजे आमच्या घरचीच गोष्ट. धान्याची देवी दिमित्रा, तिची मुलगी फुलं तोडत असताना पाताळाच्या राजाने उचलून नेली, आई रानोमाळ शोधत फिरली आणि शेवटी आमच्याच गावातल्या विहिरीवर येऊन बसली. तिने रुसून धान्य उगवणं बंद केलं तेव्हा कुठे देवांचे डोळे उघडले. मुलगी परत मिळाली, पण अर्धीमुर्धी, कारण तिने खाली डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. वर्षातले काही महिने तिला खाली जावंच लागतं. ती विहीर अजून आहे, तिच्याभोवती कुंपण आहे आणि बाजूला तेलशुद्धीकरणाची धुरांडी.

गोष्ट ठाऊक असली तरी कोणती घ्यायची यावर भांडण होतंच. आमच्या मंडळीत नवी आलेली मिर्सिनी शाळेत शिकवते, थेस्सालोनिकीची आहे. ती म्हणाली, आधी निरनिराळ्या पुस्तकांत ही गोष्ट कशी सांगितलीय ते वाचून काढू, मग ठरवू. निवृत्त मुख्याध्यापिका पोलिक्सेनीबाईंनी नाक मुरडलं, पण पुस्तकं आणली त्यांनीच जास्त. वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुपारी माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. कपडे शिवायचं काम अर्थातच असिमिनाकडे.

ती इस्त्री करायची आणि मी मोठ्याने वाचायचे. वाचता वाचता मला मौज वाटायला लागली. देव्यांचं नशीब पुस्तकागणिक बदलतं. आमच्या लहानपणी देवराजाची बायको इरा म्हणजे नुसती खाष्ट आणि संशयी, नव्या पुस्तकांत ती नवऱ्याने गंडवलेली बिचारी. प्रेमाची देवी अफ्रोदिती आधी नखरेल होती, आता धोरणी झाली. देवराजाची लेक अथिना आधी शहाणी, आता बापाची चमची. आणि देवराज स्वतः, पर्सेफोनीचा सख्खा बाप, ज्याने पाताळाच्या राजाला, म्हणजे आपल्या भावाला, गुपचूप ‘ने पोरगी’ म्हणून सांगितलं, तो बहुतेक पुस्तकांत एका ओळीत येऊन जातो. बापांचं बरं असतं.

असिमिनाला यातल्या कशाचंच घेणंदेणं नव्हतं. ती मध्येच इस्त्री उभी करून विचारायची, ‘‘ते राहू दे. दिमित्रा काय घालते?’’

मला आधी वाटलं, शिंपीणबाई आहे, कापडाचा अंदाज घेतेय.

मुलांच्या पुस्तकातली दिमित्रा गोरीपान, पांढऱ्या झग्यातली, डोक्यावर गव्हाच्या लोंब्या. ती रडते पण नाक लाल होत नाही. ‘‘ही काय शोधतेय पोरीला,’’ असिमिना म्हणाली. ‘‘हिच्या चपलेला धूळसुद्धा नाही.’’

पोलिक्सेनीबाईंच्या जाड पुस्तकातली देवी म्हातारी होऊन विहिरीवर बसते. काळा झगा, काळा पदर तोंडावर ओढलेला, आंघोळ नाही, घास नाही. ते वाचताना मला जळका वास आला म्हणून मी मान वर केली. इस्त्री कापडावर तशीच होती आणि धूर निघायला लागला होता.

आणखी एक होतं. त्यात दिमित्रा हिरव्या एप्रनमध्ये, मातीने हात माखलेली, थकलेली आई. तिला मुलीचा राग येतो, मग रागाची लाज वाटते. हे असिमिनाने मला दोनदा वाचायला लावलं.

‘‘यात आई मुलीला विचारते का?’’ ती म्हणाली.

‘‘काय विचारते?’’

‘‘की बाई गं, तुला तिथे बरं वाटतं का?’’

मी पानं चाळली. मग बाकीची पुस्तकंही चाळली. देवी सूर्याला विचारते, नदीला विचारते, देवांना धारेवर धरते. मुलगी परत आल्यावर पहिलं काय विचारते, तर ‘तिथे काही खाल्लंस का?’

‘‘आपल्यासारखंच,’’ मी म्हणाले. असिमिना हसली नाही.

नोव्हेंबर लागला आणि एका दुपारी लांब्रोस दुकानात आला. तो माझ्या दुकानात कधी येत नाही. बटणांकडे बघत म्हणाला, ‘‘अंथी येतेय. मेसोस्पोरितिसाच्या उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी. सरळ देवळाच्या टेकडीवर येणार, घरी नाही. म्हणते, आधी लांबून बघेन.’’

‘‘काय बघेन?’’

‘‘तिची आई अजून काळ्यात आहे का ते. असली, तर खालूनच परतीची बस धरणार.’’

‘‘असिमिनाला सांगितलंस?’’

‘‘येतेय एवढंच सांगितलं. पुढचं तू सांग.’’

‘‘किल्ली काढायला बरे हात चालले होते तुझे,’’ मी म्हणाले. तो खाली मान घालून निघून गेला. मी मात्र दोन दिवस घालवले. कसं सांगायचं? ‘काळं काढ नाहीतर पोरगी जाईल’ म्हटलं आणि ती पेटली, की सगळंच संपलं. तिला ओळखणाऱ्या कुणालाही ही भीती वाटली असती.

त्यातच बैठक भरली. दुकान बंद करून आम्ही सगळ्या आत बसलो. पोलिक्सेनीबाई म्हणाल्या, ‘‘दिमित्रा काळ्यातच हवी. जुन्या गोष्टीत तशीच आहे. मुलीसाठी असं दुःख दुसऱ्या कुणी केलंय?’’

मिर्सिनीला आमच्या गावात येऊन जेमतेम एक हिवाळा झालेला. असिमिनाच्या घरात कुणीतरी वारलंय, एवढंच तिने धरलेलं. ती चहाचा कप ठेवत अगदी सहज म्हणाली, ‘‘चालेल ना, काळंच घालू. पण मग ते दुःख म्हणून नको. जिवंत मुलीसाठी काळं घालणं म्हणजे धमकी असते, बाई. ‘माझ्याकडे ये, नाहीतर माझ्या लेखी मेलीस.’ मी मुलगी असते तर पाताळातच राहिले असते.’’

सगळ्यांच्या नजरा असिमिनाकडे वळल्या. मिर्सिनी एकेकीच्या तोंडाकडे बघायला लागली. तिला कळेना काय झालं.

असिमिनाच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढून शिवणाच्या छोट्या उशीत टोचल्या. मग म्हणाली, ‘‘काळा झगा मी शिवणार नाही.’’

‘‘का गं?’’ पोलिक्सेनीबाईंनी विचारलं.

‘‘पोर जिवंत आहे म्हणून.’’

आणि ती उठून गेली. काळी पाठ, काळा रुमाल, दाराची घंटा वाजली. मिर्सिनीला पोलिक्सेनीबाईंनी कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं तेव्हा ती रडायलाच लागली.

मी त्याच संध्याकाळी असिमिनाकडे गेले आणि लांब्रोसचं बोलणं जसंच्या तसं सांगून टाकलं. ती स्वयंपाकघरात गहू निवडत होती. मेसोस्पोरितिसा म्हणजे अर्ध्या पेरणीची माउली, चर्चमधली आमची कुमारी माता. तिच्या उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी गहू, मका, हरभरे, चवळी अशा सगळ्या धान्यांच्या घुगऱ्या शिजवून, वर डाळिंबाचे दाणे घालून टेकडीवरच्या देवळात न्यायच्या, पाद्र्यांकडून आशीर्वाद घ्यायचा आणि भेटेल त्याच्या हातावर घालायच्या. देऊळ दिमित्राच्या जुन्या मंदिराच्या अवशेषांच्या वरच आहे. पोलिक्सेनीबाई म्हणतात, देवी तीच, फक्त कपडे बदलले. पाद्र्यांसमोर म्हणत नाहीत.

‘‘खालूनच परत जाणार?’’ असिमिनाने विचारलं.

‘‘असं म्हणाली.’’

‘‘तिने फक्त काळं बघितलं तरी?’’

‘‘हो.’’

गहू निवडणारा तिचा हात थांबला नाही, पण ती चांगले दाणे खड्यांत टाकत होती आणि खडे ताटात. ‘‘आणि मी काढलं आणि वाटेत बसला काही झालं तर?’’ ती म्हणाली. ‘‘मग तू म्हणशील, बसचा अपघात होता. माझ्या डोक्यात काय होईल?’’

‘‘मग ये काळ्यातच,’’ मी चिडून म्हणाले. ‘‘आणि घुगऱ्या आण तिच्या नावाने. सुतकाचेही असेच उकडलेले गहू असतात. तेवढंच राहिलंय.’’

हे बोलायला नको होतं, पण बोलून बसले. मी घरी आले. रात्री झोप लागली नाही.

उत्सवाच्या आदल्या दुपारी ती दारात उभी. ‘‘तुझा हिरवा कोट दे.’’

माझा हिरवा कोट तिच्यावर म्हणजे खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो. मी तिच्यापेक्षा दुप्पट आहे. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. तिने रुमाल काढला, तर खाली केस पार पांढरे झालेले. चार वर्षांत मीही ते पाहिले नव्हते. ‘‘लवकर बटणं लाव,’’ ती म्हणाली, ‘‘नाहीतर मी पुन्हा काढीन.’’ मी भराभर बटणं लावली. वाटेत ती दोनदा थांबली, आकाशाकडे बघितलं, मला विचारलं, बस नीट पोचली असेल ना. मी म्हटलं, पोचली असेल. मलाही ठाऊक नव्हतं.

टेकडीवर सगळं गाव. पावांचे ढीग, मेणबत्त्या, थंड वारा समुद्रावरून. मी पातळ जाकिटात कुडकुडत होते, कारण कोट तिच्या अंगावर. पातेलं आम्ही दोघींनी धरलेलं. लांब्रोस खाली फाटकाशी उभा होता. प्रार्थना संपली, वाटप सुरू झालं, आणि असिमिना एकाच्या हातावर दोनदा घालत होती, दुसऱ्याला विसरत होती.

मग मला अंथी दिसली. बारीक झालेली, केस कापलेले. ती गर्दीतून येत होती आणि काळे कपडे शोधत होती. एका काळ्या पाठीशी थांबली, वाकून चेहरा बघितला, माफी मागून पुढे आली. मग दुसऱ्या. काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्यांना काय तोटा आमच्याकडे. मी हाक मारणार तेवढ्यात असिमिनाने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

‘‘गप,’’ ती पुटपुटली. ‘‘हाक मलाच मारू दे. पण आवाज निघत नाहीये.’’

अंथी आमच्या समोरून गेली. आईच्या अगदी जवळून, दोन हातांवरून. पांढऱ्या केसांच्या हिरव्या कोटातल्या बाईकडे तिने बघितलंच नाही. असिमिनाचा चेहरा मी सांगू शकत नाही. थोडं पुढे जाऊन अंथीने मला ओळखलं आणि वळली.

‘‘मावशी! आई कुठेय? आली नाही का ती? बरी आहे ना?’’

आता आवाज भीतीचा होता. मी काही बोलायच्या आत असिमिनाने पळी पुढे केली, जशी ती कुणाच्याही पुढे करत होती. अंथीने सवयीने ओंजळ पुढे केली. घुगऱ्या ओंजळीत पडल्या. मग तिची नजर बाहीवर गेली.

‘‘हा तर तुझा कोट आहे, मावशी,’’ ती म्हणाली. आणि मग तिने वर बघितलं.

लोक घुगऱ्यांसाठी मागून ढकलत होते, मी त्यांना माझ्या बाजूला ओढत होते.

‘‘उद्या परत द्यायचाय,’’ असिमिना म्हणाली. चार वर्षांनी लेकीशी बोललेलं पहिलं वाक्य.

‘‘आणि तुझे कपडे?’’

‘‘नाहीत. सगळे देऊन टाकले.’’

अंथीच्या ओंजळीतून गहू सांडत होते. तिने ओंजळीत वाकून डाळिंबाचा एक दाणा ओठांनी उचलला, लहानपणी उचलायची तसाच, आधी तोच. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

‘‘तुला,’’ असिमिनाने विचारलं, आणि मध्येच थांबून पुन्हा सुरुवात केली, ‘‘तुला तिथे बरं वाटतं का?’’

‘‘वाटतं, आई.’’

असिमिनाने मान हलवली. ते उत्तर तिला गिळायला जड गेलं, मला दिसलं.

‘‘मी रविवारी परत जाणार आहे,’’ अंथी म्हणाली. आवाजात धार होती. आता काय होतंय ते ती बघत होती, आणि खरं सांगते, मीही. असिमिनाच्या ओठांशी काय आलं होतं ते मला पाठ आहे. कडी, किल्ली, लोक काय म्हणतील, सगळं. तिने पळी पातेल्यात ठेवली.

‘‘बॅग जड आहे का?’’ तिने विचारलं.

‘‘आहे.’’

‘‘मग बसपर्यंत मी उचलीन,’’ असिमिना म्हणाली. ‘‘या वेळी मी.’’